शितावरून भात न ओळखणारा माणूस

शितावरून भाताची परीक्षा करायला ठाम नकार देणारा माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच आहे, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला भाऊ निघावा, हे माझं प्राक्तन. याची चुणूक मला आमच्या लग्नाच्या पंगतीतच मिळाली होती. आचाऱ्यानं हंड्यातलं एक शीत बोटांत चेपून "झाला भात" म्हटलं, तसे हे गृहस्थ धोतर सावरत पुढं झाले. "कुठलं शीत बगितलास? वरचं. तळाचं बगितलास काय? कडंचं? बगायच्या आदी हंडा हलीवलास काय?" आचारी म्हणाला, "साहेब, जलम गेला माजा भात शिजवन्यात." हे म्हणाले, "जलमभर वरचंच शीत बगायलास मग." नवरा-नवरी उपाशी, पंगत खोळंबलेली, आणि नवरीचा भाऊ बाह्या सरसावून उलथण्यानं हंड्याचा तळ शोधतोय! तळाचा भात लागून कोळसा झालेला निघाला. वऱ्हाडी आचाऱ्यावर तुटून पडणार, तोच हे मध्ये आडवे झाले. "एका हंड्यावरून मानसाला नावं ठिवू नका. बाकीचे हंडे बगू द्या की आदी." आणि खरंच बघायला गेले. माझ्या लग्नाचं जेवण त्या दिवशी मला चहाच्या वेळी मिळालं.

माझी भालकीला तुरीची अडत आहे आणि बायकोचं माहेर चिटगुप्पा. तिचा हा भाऊ गुलबर्ग्याच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. आमच्या रेणूचे ते मामा. एकुलती एक भाची, त्यामुळे जीव तिच्यावर ओवाळून टाकलेला. आणि याच मामांनी भरल्या घरात, सणाच्या दिवशी, पुरणपोळी खाऊन झाल्यावर माझ्या लेकीची होत आलेली पीएच.डी. मातीत घातली. मातीत म्हणजे अगदी शब्दशः. ती मातीतून वर आली की नाही, ते मी सांगणारच आहे; पण त्याआधी हा माणूस काय चीज आहे हे कळायला पाहिजे, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखे उगाच संतापाल.

अण्णांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच की, थोड्यावरून सगळ्याचा अंदाज बांधणं हा माणसाचा धर्मच आहे, त्यातून सुटका नाही. पण अंदाज बांधणाऱ्याची आधी परीक्षा घ्या, आणि ती ज्याचं उत्तर आपल्याला पक्कं ठाऊक आहे अशा प्रश्नावर घ्या. "दाजी, तुमी काट्यावर माल घालायच्या आदी ठरावीक वजन ठिवून काटा बगताव का न्हाई? त्येलाच आमी बेंचमार्क म्हन्ताव," असं त्यांनी मला एकदा समजावलं होतं. इथवर ठीक. पण हा माणूस काटा बघितल्याशिवाय जगात कुठलीच गोष्ट तोलत नाही. एकदा बिदरला आम्हाला एका लांबच्या पाहुण्याचं घर शोधायचं होतं. किल्ल्याच्या समोर उभे होतो. अण्णांनी रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवून पाहुण्याचा पत्ता नाही विचारला, विचारलं, "किल्ला कुठं हाय ओ?" माणूस भला होता. तो म्हणाला, "असं सीधे जाव, फिर डावीकडं वळा, मशिदीच्या म्होरं." अण्णांनी त्याचे मनापासून आभार मानले आणि दुसऱ्याला गाठलं. दुसऱ्यानं आमच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "डोळ्याला दिसंना झालंय काय?" अण्णा खूश. "हां, हा खरा मानूस," म्हणाले आणि मग त्याला पाहुण्याचा पत्ता विचारला. पण आता तो उत्तर कशाला देतोय!

ज्योतिषी, वैद्य, डॉक्टर, हवामान सांगणारे, कुणालाच त्यांनी सोडलेलं नाही. रेणूच्या लग्नाचा विषय निघाला म्हणून मी एका नामांकित ज्योतिषाला घरी बोलावलं, तर अण्णांनी त्याच्यापुढं रेणूची नव्हे, स्वतःच्या आजोबांची पत्रिका सरकवली. ज्योतिषानं डोळे मिटले, बोटं मोजली आणि सांगितलं की या जातकाला विवाहसौख्य नाही, संततीचा तर प्रश्नच येत नाही. तिथं जमलेली निम्मी मंडळी त्या जातकाची नातवंडं-पतवंडं होती. रक्त तपासायला गेले तर स्वतःचंच रक्त दोन बाटल्यांत दिलं, एकीवर स्वतःचं नाव आणि दुसरीवर माझं. तपासणीत अण्णा ठणठणीत निघाले आणि मला साखर निघाली. मी घरी बसलेलो, सुई टोचलेली नाही, आणि बायकोनं माझा चहा बंद केला! ती अजून पूर्ण मानत नाही की तो अहवाल माझा नव्हता. फक्त आमच्या वहिनींपुढं, म्हणजे त्यांच्या पत्नीपुढं, अण्णांचं काही चालत नाही. डोळे मिटून दोन घरची लोणची चाखून कुठलं चांगलं ते ठरवायचा प्रयोग त्यांनी घरात सुरू केला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "माज्या लोनच्याची परीक्षा घ्यायची न्हाई. ह्या घरात माजं लोनचं हेच माप. बाकीच्यांची परीक्षा माज्या लोनच्यावर घ्या." अण्णांनी त्यावर बराच विचार केला आणि ते मान्य केलं. मापाला माप लावायचं तर कुठंतरी थांबावंच लागतं, म्हणाले.

एवढं असून गुलबर्ग्याच्या त्यांच्या ओसरीवर माणसांची रीघ असे. संशोधन करणारी पोरं, त्यांचे गुरुजी, कधी कधी गुरुजींचे गुरुजी. कुणी औषधाचा गुण मोजणारा डॉक्टर, कुणी ताऱ्यांचा प्रकाश मोजणारा, कुणी तळ्यावरचे पक्षी मोजणारी, कुणी शिलालेखाच्या अक्षराच्या वळणावरून राजवट ओळखणारा. प्रत्येकाला वाटायचं की आपलं शास्त्र जगावेगळं. अण्णा सगळ्यांना एकाच रांगेत बसवायचे. डॉक्टरला पक्षीवालीचं ऐकायला लावायचे आणि तारेवाल्याला शिलालेखवाल्याचं. "पागोटी येगळी येगळी हायत, खालचं डोस्कं येकच," म्हणायचे. "समद्यांची चूक येकाच जागी व्हतीय. जे बगून पद्धत बसवली त्येच्यावरच तिची परीक्षा घ्यायलाव. म्हंजी ज्या पोरानं पेपर फोडलाय त्येलाच पयला नंबर द्यायलाव तुमी." ओसरीवर आलेल्याला पहिला प्रश्न ठरलेला, "तुजी ही पद्धत फसती कुठं?" कुठंच नाही फसत, असं जो छाती काढून सांगे, त्याला चहा मिळे आणि रजा मिळे. जो डोकं खाजवून "अमुक ठिकाणी फसते" म्हणे, त्याला जेवायला थांबवून घेत. मी गेलो त्या दिवशी दोनच पोरं जेवताना बघितली, यावरून काय ते समजा. (हे ऐकून अण्णा म्हणतील, "तुमी कुठल्या दिवशी गेल्ता ते सांगा आदी.")

आता रेणू. या पोरीनं तुरीवर संशोधन घेतलं तेव्हा माझी छाती फुगली होती. तूर म्हणजे आमचं सगळंच. आणि तुरीचा वैरी म्हणजे मर रोग. झाड बघता बघता पिवळं पडतं, मान टाकतं, आणि शेतकऱ्याला कळेपर्यंत शेजारची झाडंही गेलेली असतात. रेणूनं संगणकाचं एक मॉडेल घडवलं होतं. मोबाईलवर झाडाचा फोटो काढायचा आणि त्यानं सांगायचं, मर लागतोय की झाड निरोगी आहे. तिनं शेकड्यांनी फोटो गोळा केले. निरोगी झाडांचे फोटो आजोळी, चिटगुप्प्याच्या रानातले. तिकडं त्या साली रोग नव्हता. रोगट झाडांचे आमच्या भालकीकडचे. इकडं मरानं धुमाकूळ घातला होता. त्यातले काही फोटो मॉडेलपासून लपवून ठेवले, नंतर त्यावर परीक्षा घेतली, तर मार्क जवळजवळ पैकीच्या पैकी! तिचे मार्गदर्शक हरखले. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेनं तोंडी कबूल केलं की प्रबंध दाखल झाला की लगेच रुजू व्हा. मी बाजारपेठेत पेढे वाटले. आता फक्त प्रबंध दाखल व्हायचा, की पोरीचं आयुष्य मार्गी.

सणाला अण्णांना जेवायला बोलावलं. गुलबर्ग्याहून आधी चिटगुप्प्याच्या घरी जाऊन तिथून बसनं आले, हातात एक जडशी कापडी पिशवी. बायकोनं पिशवी घ्यायला हात पुढं केला तर म्हणाले, "राहू दे. माती हाय." बायकोचे डोळे भरून आले. "बगितलाव का? माज्या भावानं माहेरची माती आनली माज्यासाटी!" तिनं ती पिशवी देवघराजवळ नेऊन ठेवली, वर हळदकुंकू वाहिलं. अण्णांनी ओशाळून एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. पुरणपोळ्या झाल्या, वर दूध-तूप झालं, आणि मग म्हणाले, "रेणू, चल. रानात जाऊन यीवू. तुजं यंत्र घे." देवघराकडची पिशवी उचलली, कुंकवासकट. मीही मागोमाग निघालो.

आमच्या काळ्या रानाच्या बांधावर अण्णांनी पायातली चप्पल काढली आणि काळ्या मातीवर ठेवली. "काड फोटो." रेणूला वाटलं मामांची नेहमीची गंमत. तिनं हसत फोटो काढला. यंत्रानं क्षणात निकाल दिला, मर रोग, खात्री जवळपास पूर्ण. आम्ही हसलो. "माज्या चपलेला मर लागला म्हना की," अण्णाही म्हणाले, पण ते हसत नव्हते. मग ते खरंच मरत असलेल्या एका तुरीच्या झाडापाशी बसले, पिशवी उपडी केली, आणि चिटगुप्प्याची ती तांबडी माती झाडाच्या बुडाशी हातानं नीट पसरली. "आता काड." रेणूनं फोटो काढला. झाड पिवळं, मान टाकलेलं, आंधळ्यालाही दिसावं. यंत्र म्हणालं, निरोगी.

मला अडत्यालाही कळलं. चिटगुप्प्याचं रान तांबडं, भालकीचं काळं. त्या यंत्रानं तुरीकडं कधी बघितलंच नव्हतं. ते बिचारं माती ओळखायला शिकलं होतं. लपवून ठेवलेले फोटोही त्याच रानांतले, त्याच मातीचे, मग मार्क पडणारच. रेणू मोबाईल खिशात घालून सरळ घराकडं चालू लागली आणि तिनं मागं वळून बघितलं नाही.

मी अण्णांवर असा ओरडलो की शेजारच्या रानातली माणसं काम थांबवून बघायला लागली. "आवो, आपलीच पोर हाय! परक्याच्या पोरीला तरी आसं करताव का?" अण्णा म्हणाले, "परक्याची आसती तर चा पाजून रजा दिली आसती, दाजी. इतक्या लांब माती वाहून आनली नसती." बायकोनं तर भावाला घरातून हाकलायचंच बाकी ठेवलं. तिचं दुःख निराळं होतं, माहेरच्या मातीनं लेकीचं वाटोळं केलं म्हणून. रेणूचे मार्गदर्शक म्हणाले, "दाखल करून टाक, कुणाला कळतंय? पुढं सुधारता येईल." मलाही खरं सांगायचं तर तेच पटत होतं. अण्णा जाताना दारात उभं राहून रेणूच्या बंद खोलीकडं बघत एवढंच म्हणाले, "शेतकरी फोटो काडंल. यंत्र म्हनंल, बरं हाय. त्यो निवांत झोपंल. बाकी तुजं तू बग, बाई."

चार दिवस पोर जेवली नाही धड. मग एका सकाळी मला म्हणाली, "पप्पा, मी दाखल करायले न्हाई." हैदराबादची जागा गेली. मी कपाळाला हात लावला आणि पेढ्यांबद्दल विचारणाऱ्यांना टाळत बाजारात मागच्या गल्लीनं जाऊ लागलो.

पुढचे दोन खरीप आमच्या घरात तूर सोडून दुसरा विषय नव्हता. रेणूनं काळ्या रानातली निरोगी झाडं शोधली, तांबड्या रानातली रोगट झाडं शोधली, पाण्यावाचून नुसतीच सुकलेली शोधली. मामाशी बोलत नव्हती, पण मामानं सांगितलेलं सगळं करत होती. अण्णांनी निरोप धाडला, "तू शिकव यंत्राला. पेपर मी काडतो. पेपर तू बगायचा न्हाई, शेवटपत्तर." आणि हा सत्तरी ओलांडलेला माणूस छत्री आणि मोबाईल घेऊन पहाटेच्या बसनं औरादला, उदगीरला, कुठं कुठं जाऊन अनोळखी रानांतल्या तुरीचे फोटो काढू लागला. लोक त्यांना पीकविमावाला समजून चहा पाजत आणि तक्रारी सांगत. एकदा त्यांना ऊन लागून ताप भरला. तेव्हा रेणू कुणाला न सांगता गुलबर्ग्याला गेली आणि उशाशी बसून राहिली. दोघं काय बोलले ते वहिनींनाच ठाऊक. वहिनी म्हणतात, "बोलतायत कशाला? ती म्हन्ली, मामा, छत्री वापरत जावा. ह्ये म्हन्ले, छत्री हुती, पन फोटोत सावली पडती ग."

शेवटी पेपर फुटला नाही आणि यंत्राची परीक्षा झाली. मार्क पहिल्यापेक्षा बरेच कमी पडले. मी हादरलो, रेणू मात्र हसत होती. म्हणाली, "पप्पा, हे माझे स्वतःचे मार्क आहेत." तोंडी परीक्षेचा दिवस आला. सभागृहात बाहेरून आलेले परीक्षक, मार्गदर्शक, कॉलेजची मंडळी. शेवटच्या रांगेत अण्णा. उपस्थितांपैकी कुणाला काही विचारायचंय का, असं अध्यक्षांनी म्हटलं आणि अण्णा उभे राहिले, तेव्हा माझ्या बायकोनं माझं मनगट असं आवळलं की वळ उठला. अण्णांनी प्रश्न विचारला तो त्यांचा ठरलेलाच, "ही पद्धत फसती कुठं?"

रेणू बोलू लागली आणि थांबेना. कुठल्या मातीत फसते, कुठल्या वाणावर फसते, झाड कोवळं असताना काय होतं, सगळं. आणि मग म्हणाली, "अजून एक आहे, मामा. तुम्ही काढलेला पेपरपण मी नंतर तपासला. तुमचे सगळे फोटो सकाळचे आहेत. तुम्ही पहिल्या बसनं जायचात आणि दुपारच्या आत परतीची बस धरायचात. म्हणजे सांजच्या उजेडात ही पद्धत चालते का, ते तुमच्या परीक्षेवरून सांगता येत नाही. मी तसं प्रबंधात लिहिलंय." सभागृहात हशा पिकला. अण्णा उभेच. चष्मा काढला, पुसला, लावला. "बराबर," म्हणाले आणि बसले.

बाहेर सगळे चुरमुऱ्यांचा सुसला खात होते, अण्णा ताटली हातात धरून बाजूला उभे होते. मला वाटलं, भर सभेत भाचीनं चूक दाखवली, मनाला लागलं असणार. मी म्हटलं, "अण्णा, पोरगी लहान हाय, मनावर घेऊ नका." ते माझ्याकडं बघत राहिले. "दाजी, जलमभर मी समद्यांच्या पद्धती तपासल्या. माजी कुनी तपासली न्हवती बगा आजपत्तर." मी पाठीवर हात ठेवला. त्या माणसावर मी किती चिडलो होतो ते मला आठवत होतं.

रेणू हैदराबादलाच गेली, दुसऱ्या एका संस्थेत. गुलबर्ग्याच्या ओसरीवर पुढं पुढं पूर्वीइतकं कुणी येईना. पोरं घरी बसून यंत्रालाच विचारतात म्हणे. अण्णा आणि वहिनी चिटगुप्प्याच्या घरी राहायला आले आहेत. गेल्या खरिपात अण्णांनी एक नवा उद्योग काढला. दिवस कलताना रानात जायचं आणि सांजच्या उजेडातल्या तुरीचा फोटो रेणूला पाठवायचा. एकही संध्याकाळ चुकवली नाही. परवा रेणूचा मला फोन आला. "पप्पा, मामांचा काल फोटो आला नाही. आजपण नाही. ते बरे आहेत ना? जाऊन बघून या की." मी दुकान टाकून चिटगुप्प्याला गेलो. अण्णा अंगणात खुर्चीवर बसले होते, ठणठणीत. "तूर काडली, दाजी," म्हणाले. "रान मोकळं झालं. आता फोटो कशाचा काडू?" आणि पुढच्या खरिपापर्यंत दिवस कसे जाणार या काळजीनं समोरच्या मोकळ्या रानाकडं बघत बसले. मला त्यांचं ते बसणं बघवेना. मी रेणूला फोन लावून सांगितलं. ती म्हणाली, "मामांना सांगा, मोकळ्या रानाचाच पाठवा. रोज पाठवा. झाड नसलं की मॉडेल काय म्हणतं ते मला बघायचंय."

मी निरोप सांगितला. अण्णांनी तो नीट ऐकून घेतला, मान तिरकी करून विचार केला आणि हळूच हसले.

"खोटं बोलायलीय पोरगी," म्हणाले.

"आवो अण्णा, पुरावा काय ह्येला?"

"पुरावा न्हाई," अण्णा म्हणाले, "पन मला खात्री हाय." आणि मोबाईल घेऊन रानाकडं निघाले.